फॉरमॅट मारण्याआधी

बाळा, दुकानाच्या किल्ल्या आता तुझ्याकडे राहणार, तर एक गोष्ट आधीच कानावर घालून ठेवतो. भिवंडीत आपल्याला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात, "काका, डिस्प्ले येत नाहीये." त्यातही ज्याने आदल्या दिवशी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदललेला असतो, किंवा ज्याच्या विंडोजने रात्रीत तो आपणहून बदललेला असतो, तो माणूस जास्त घाबरलेला असतो. पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि पडदा काळाठिक्कर. त्याला वाटतं सगळं गेलं. प्रत्यक्षात टॅलीचा डेटा, बिलं, कापडाची डिझाइनं, घरचे फोटो, सगळं डिस्कवर जागच्या जागी असतं. हे त्याला फोनवरच सांग. त्याचा जीव भांड्यात पडला की तो तुझ्या प्रश्नांना नीट उत्तरं देतो.

गाडीला किक मारण्याआधी तीन गोष्टी विचारून घे. मशीन सुरू केल्यावर कंपनीचं नाव, डेल, एचपी, लेनोवो जे असेल ते, क्षणभर तरी उमटतं का? कॅप्स लॉक दाबला की कीबोर्डवरचा बारीक दिवा लागतो-विझतो का? आणि काल-परवा यात काय बदललं? या तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण "काहीच नाही" म्हणतात. तिथे थांबू नकोस. नवा मॉनिटर आणला का, पोराने गेम टाकला का, संध्याकाळी बंद करताना अपडेटचं काही आलं होतं का, कुणी एनीडेस्कवरून बसून काही टाकलं का, असं एकेक खोदून विचार. दोष सापडतो तो याच उत्तरात.

कंपनीचं नाव दिसतं आणि मग पडदा काळा होतो, एवढं कळलं की निम्मं काम झालं. मशीन चालू झाल्यावर सुरुवातीची काही सेकंदं पडदा मदरबोर्डमधल्या प्रोग्रामच्या ताब्यात असतो. जुन्या मशिनीत त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. त्याला एन्व्हिडिया, एएमडी किंवा इंटेलचा ड्रायव्हर लागत नाही, तो साध्या ठरलेल्या पद्धतीने चित्र काढतो. विंडोज सुरू होताना दिसणारे गोल फिरणारे ठिपकेसुद्धा त्याच साध्या पद्धतीवर दिसतात. मग विंडोज ड्रायव्हर उचलते आणि पडद्याचा कारभार त्याच्याकडे सोपवते. अंधार नेमका या वेळी होत असेल तर केबल ठीक आहे, मॉनिटर ठीक आहे आणि कार्डही बहुधा ठीकच आहे. घोटाळा ड्रायव्हरचा, किंवा त्याने मॉनिटरला न झेपणारं काहीतरी मागितलं त्याचा. पण कंपनीचं नावच उमटलं नाही, तर ड्रायव्हरवर संशय घेऊ नकोस. तो अजून उठलेलाच नसतो. तिथे केबल, रॅम, कार्ड, मॉनिटर या वाटेने जायचं.

कॅप्स लॉकचा दिवा मशीन जिवंत असल्याची खूण. कळ दाबल्यासरशी दिवा बदलतोय म्हणजे विंडोज आत चालू आहे, फक्त दाखवता येत नाही. दिवा अडकून बसला असेल तर मशीन गोठलंय.

आता मुख्य मुद्दा. आपल्या गावात दुरुस्तीच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. डिस्प्ले गेला, विंडोज अडकली, काही झालं की पोरं फॉरमॅट मारतात. तासाभरात नवी विंडोज, पैसे घेतले, चालले. कामतघरच्या एखाद्या सायझिंगवाल्याचं दोन वर्षांचं खातं त्यात धुऊन जातं आणि मुनीमाच्या ते आठवड्याने लक्षात येतं. पद्मानगरात यंत्रमागावर कसं काम चालतं ते तू लहानपणापासून पाहिलंयस. ताना तुटला तर कारागीर तुटलेला धागा शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. एका धाग्यासाठी अख्खा बीम कुणी कापून टाकत नाही. ड्रायव्हर म्हणजे तसा एक धागा. सगळ्यात शेवटी जे बदललं ते सगळ्यात आधी मागे न्यायचं. ते सोडून दुसरं काही करायची वेळ फार क्वचित येते.

मशीनजवळ पोचलास की स्क्रूड्रायव्हर बाहेर काढू नकोस. आधी कीबोर्ड. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम दाब. विंडोज दहा आणि अकरामध्ये याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागेवरच नव्याने सुरू होतो. बारीकसा बीप येतो, पडदा लुकलुकतो आणि कधी कधी तेवढ्यानेच चित्र परत येतं. नाही आलं तर विंडोजची कळ आणि पी. नव्या ड्रायव्हरने कधी कधी चित्र दुसऱ्याच पडद्यावर पाठवलेलं असतं, भिंतीवरच्या टीव्हीवर किंवा लावलेलाच नाही अशा मॉनिटरवर. पी दाबून एकदा खालचा बाण, मग एंटर, थोडं थांब, पुन्हा तसंच. काळ्या पडद्यावर माउसचा बाण हलताना दिसत असेल तर तुझं नशीब चांगलं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड आणि नवीन टास्कमध्ये एक्स्प्लोरर चालव. तो दोष डेस्कटॉपचा असतो, ड्रायव्हरचा नसतो.

केबल कुठे लावलीय तेही बघ. मानकोली-दापोडेच्या गोदामांत कार्यालय म्हणजे गाळ्याच्या कोपऱ्यातली एक काचेची खोली. तिथे टेबलं सारखी हलतात, झाडूवाला केबल काढतो आणि दिसेल त्या भोकात परत लावतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशिनीला मागे दोन ठिकाणी मॉनिटरची भोकं असतात. एक जागा मदरबोर्डची, उभ्या रांगेत, यूएसबीच्या सोबतीला. दुसरी कार्डाची, खाली आडवी. कार्ड बसवलं की बऱ्याच मशिनीत मदरबोर्डचं भोक आपोआप बंद होतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी नुसतं एफ किंवा केएफ असतं, त्यांत तर आतलं ग्राफिक्सच नसतं. तिथे मदरबोर्डच्या भोकात कितीही केबल लाव, काळंच दिसणार. उलट कार्डाच्या ड्रायव्हरने घात केला असेल आणि प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असेल, तर मशीन बंद करून कार्ड काढ, केबल मदरबोर्डला लाव आणि सुरू कर. पुष्कळदा विंडोज सरळ उघडते आणि मग तू डोळ्यांनी बघत काम करू शकतोस. अशा वेळी पुढे सांगतो त्या सेफ मोडच्या भानगडीत पडायचंही कारण नाही.

तू हे करत असताना दारात ट्रक उभा असेल. माल भरलाय, ड्रायव्हर हॉर्न देतोय आणि शेठ तुझ्या डोक्यावर उभे आहेत, कारण ई-वे बिल निघत नाही. त्यांना शांतपणे सांग, "शेठ, ई-वे बिल या डब्यात नाही, सरकारच्या पोर्टलवर आहे. शेजारच्या गाळ्यातल्या कॉम्प्युटरवरून तुमच्या आयडीने उघडा आणि प्रिंट काढा." ट्रक सुटतो, शेठ खुर्चीत बसतात आणि तुला निवांत काम करता येतं. घाईत केलेली दुरुस्ती डेटा खाते, म्हणून आधी घाई संपवायची.

आता सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज कंपनीचा ड्रायव्हर उचलतच नाही, आपल्या साध्या ड्रायव्हरवर चालते. म्हणून चित्र दिसतं, अक्षरं मोठी, आकार बेढब, पण दिसतं. विंडोज सातच्या काळात सुरू होताना एफ-८ दाबलं की काम व्हायचं. दहा आणि अकरामध्ये ते दार मुळातच बंद ठेवलेलं असतं. तिथे असं करायचं. मशीन चालू कर. कंपनीचं नाव येऊन ठिपके फिरू लागले की पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरून बंद कर. पुन्हा चालू कर, ठिपके दिसले की पुन्हा बंद. तिसऱ्यांदा चालू केलंस की विंडोजला कळतं की आपल्याला उठता येत नाहीये आणि ती दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. पडद्यावर अपडेटची टक्केवारी चालू असेल तर मात्र हे अजिबात करायचं नाही. टक्केवारी अर्धा तास एकाच आकड्यावर बसली तरी हात खिशात ठेव.

निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट. आकड्यांची यादी येते. चार म्हणजे सेफ मोड, पाच म्हणजे नेटसकट सेफ मोड. तीन हा आकडाही लक्षात ठेव, त्याने विंडोज नेहमीसारखीच उघडते पण पडदा कमी रिझोल्यूशनवर. कुणी रिझोल्यूशन किंवा हर्ट्झचा आकडा मॉनिटरला न झेपेल एवढा वाढवला, आणि मॉनिटरवर "आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" असं येत असेल, तर तीन आकडा पुरतो. आत जायचं, आकडा खाली आणायचा.

इथे दोन ठिकाणी पोरं अडकतात. नव्या लॅपटॉपांत बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असू शकतं. या वाटेने आत शिरताना ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, त्याच्या मोबाइलवरून लॉगिन केलं की सापडते. मशीनला हात लावण्याआधीच विचार, खातं कुणाच्या मेलवर आहे. पुष्कळदा ते सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या मेलवर असतं आणि मग दुरुस्ती राहते बाजूला, त्या माणसाला शोधावं लागतं. दुसरं म्हणजे सेफ मोडमध्ये चार आकडी पिन कधी कधी चालत नाही, पूर्ण पासवर्ड लागतो. तोही आधी विचारून कागदावर घे, आणि काम झाल्यावर तो कागद त्यांच्या हातात दे. खिशात घालून आणू नकोस.

सेफ मोड लागला की ड्रायव्हरला हात लावण्याआधी टॅलीचं डेटा फोल्डर आणि डेस्कटॉपवरचं सगळं पेन ड्राइव्हवर घे. डेस्कटॉपवर माणसं काय काय ठेवतात ते मालकालाही माहीत नसतं. नंतर डिव्हाइस मॅनेजर उघड, डिस्प्ले अडॅप्टर्सच्या खाली कार्डाचं नाव, त्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथे "रोल बॅक ड्रायव्हर" असं बटण दिसेल. ते दाबता येत असेल तर दाब, कारण विंडोजने आधीचा ड्रायव्हर सांभाळून ठेवलेला आहे. बटण फिकट असेल तर आधीचा शिल्लक नाही. मग अनइन्स्टॉल डिव्हाइस, आणि त्या चौकटीत ड्रायव्हरही काढून टाकायची जी खूण असते ती करायला विसरू नकोस. ती राहिली तर पुन्हा सुरू केल्यावर विंडोज तोच बिघडलेला ड्रायव्हर उचलून बसवते आणि तुला वाटतं आपण काही केलंच नाही.

आणि हे करण्याआधी नेट तोड. लॅनची वायर काढ, वायफायचं कनेक्शन विसरायला लाव. विंडोज अपडेट रिकामी जागा दिसली की आपल्या पसंतीचा ड्रायव्हर आणून टाकते. ड्रायव्हर निघाल्यावर विंडोज स्वतःच्या बेसिक डिस्प्ले अडॅप्टरवर चालते. त्या बेढब पडद्यावरही टॅली चालते, बिलं निघतात, म्हणून ग्राहकाला दिवसभर खोळंबून ठेवायचं काही कारण नसतं.

एन्व्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट गेलेलं मशीन असेल, म्हणजे कार्डच बदललं असेल, तर जुन्या कंपनीचे अवशेष आत अडकतात. तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा फुकट प्रोग्राम सेफ मोडमध्ये चालव. तो सगळं खरवडून काढतो. एवढ्याने भागलं नाही तर त्याच निळ्या पडद्यावर सिस्टिम रिस्टोर आहे. त्याने मशीन आधीच्या तारखेच्या सेटिंगवर जातं, त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर निघतात, कागदपत्रं तशीच राहतात.

मग नवा ड्रायव्हर कोणता टाकायचा? सगळ्यात नवा तोच सगळ्यात चांगला, हे आपल्याकडच्या मशिनींना लागू नाही. भिवंडीतल्या कार्यालयांत लॅमिंग्टन रोडवरून आणलेली जुनी मशिनं भरपूर आहेत आणि त्यांत जीटी ७१० सारखी कार्डं. या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी एन्व्हिडियाने काढलेली शेवटची मालिका ४७०. त्यापुढचे ड्रायव्हर या कार्डाला ओळखतच नाहीत, तेव्हा तिथे शोधायचा तो जुनाच. लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेलचा नंबर घालून घे. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, इंटेल किंवा एएमडीचं आतलं आणि सोबत वेगळं, आणि पडदा बऱ्याचदा आतल्यालाच जोडलेला असतो. म्हणून गेमसाठी एन्व्हिडियाचा टाकताना कुणी आतल्याचा उडवला असेल तर तोही तपास. "ड्रायव्हर अपडेट करून देतो" म्हणणारी जी फुकट सॉफ्टवेअरं नेटवर मिळतात, ती कुठल्याही मशिनीत दिसली की मालकाला विचारून काढून टाक. निम्मी दुखणी तीच आणतात.

हे फक्त जुन्या मशिनींचंच आहे असं समजू नकोस. २०२५च्या सुरुवातीला एन्व्हिडियाची ५० मालिकेची महागडी कार्डं बाजारात आली, तेव्हा जगभरातून काळ्या पडद्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला दुरुस्त केलेले ड्रायव्हर एकामागून एक काढावे लागले. आणि १९ जुलै २०२४ आठव. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातली विंडोजची सुमारे ८५ लाख मशिनं निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते ग्राफिक्सचं प्रकरण नव्हतं, पण इलाज ओळखीचा होता. सेफ मोडमध्ये जायचं, शेवटी आलेली ती एक फाइल काढायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. तिथेही मोठमोठ्या कंपन्यांची माणसं अडली ती बिटलॉकरच्या किल्लीपाशी. एवढ्या मोठ्या गोंधळातही त्या इलाजासाठी फॉरमॅट मारायची गरज नव्हती.

एखाद्या ठिकाणी उबुंटू भेटेल. तिथे सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी आण, पहिल्या ओळीवर ई दाब, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द लहान अक्षरांत, सलग टाईप कर आणि एफ-१० दाब. तेवढ्या एका वेळेपुरता साधा डिस्प्ले मिळतो. आत जाऊन एन्व्हिडियाचा ड्रायव्हर काढ आणि उबुंटू स्वतः सुचवते तोच टाक.

ड्रायव्हरचा दोष नाही असं ठरलं, म्हणजे कंपनीचं नावही दिसत नाही, तर भिवंडीचा स्वतःचा एक रोग आहे. मागाच्या कारखान्यातल्या मशिनीचं झाकण उघड, आत रुईचे तंतू नमद्यासारखे बसलेले दिसतील, कार्डाच्या पंख्यात सगळ्यात जास्त. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, वाऱ्याने ते गरागरा फिरलं तर खराब होतं. रॅम काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने पूस, भुगा झटकून घट्ट बसव. कार्डही एकदा काढून परत बसव आणि त्याला वेगळी पॉवरची वायर असेल तर ती लागलीय का बघ. लॅपटॉपचा पडदा काळा पण कॅप्स लॉकचा दिवा बदलतोय, अशा वेळी खोली अंधारी कर आणि मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरकी धर. पुसटसं चित्र दिसलं तर ड्रायव्हर निर्दोष आहे, पडद्यामागचा उजेड गेलाय.

काम झाल्यावर लगेच निघू नकोस. मशीन पूर्ण बंद करून दोनदा सुरू कर, झोपवून उठव, मालकाकडून त्यांचीच टॅली उघडून घे. मग सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून एक रिस्टोर पॉइंट बनव. बऱ्याच मशिनीत ते बंदच असतं. त्यांना सांग की जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास आणि मार्चअखेरीला कसलंही अपडेट लावायचं नाही, अपडेटला विराम कसा द्यायचा ते त्यांच्याच हाताने करून घे. चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल डी ड्राइव्हवर ठेव आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटव. तिच्यावर तारीख, कार्डाचं नाव, ड्रायव्हरचा आकडा.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात पेन ड्राइव्ह आहेत, चिठ्ठ्या लावलेल्या. लालमध्ये जुन्या कार्डांचे ड्रायव्हर आणि तो खरवडणारा प्रोग्राम, निळ्यात विंडोज, पांढऱ्यात उबुंटू. विंडोज कुठल्याच वाटेने उघडली नाही तर पांढऱ्यावरून मशीन सुरू करून डेटा काढता येतो, मात्र बिटलॉकर असेल तर किल्ली तिथेही लागते. पांढरा जुना झालाय, या आठवड्यात नवा भरून ठेव.